भुयाराची तयारी

३ ऑगस्ट, सकाळ
नवी वही, नवा निश्चय. दर आठवड्याला एक किल्ला. आत शिरायचं, तळघरात उतरायचं, शांतपणे वर यायचं.
कारण: १२ ऑक्टोबरला फेन्नाचं लग्न. आमची एकुलती एक लेक. जागा रीतवाइकचा जुना किल्ला. सोहळ्याचं दालन भुयाराच्या पार पलीकडच्या टोकाला, आणि तिथवर तिचा हात धरून मी चालायचं. भुयारात दिवे नाहीत. मोजक्या मेणबत्त्या. हौस तिची.
मी घाबरत नाही. तीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवलं, लोकांची भीती घालवणं हाच धंदा होता. भुयारांची सवय नाही, एवढंच.

त्याच दिवशी, झोपताना
यानेकेला पॅसेजचा दिवा चालू असल्याशिवाय झोप लागत नाही. बिचारी. लग्न झाल्यापासून हे असंच आहे. नवरा म्हणून मी कधी तक्रार केली नाही.

९ ऑगस्ट
एल्सब्रूकचा किल्ला. सायकलने गेलो, समोरून वारा. खंदक, पूल, बदकं. यानेकेने म्युझियमचं वार्षिक कार्ड काढलं आणि सरळ आत. कार्ड घेतलंय म्हणजे झिजेपर्यंत वापरणार.
मी बाहेरून पाहणी केली. कुठलाही सेनापती आधी हेच करतो. खंदकाला फेऱ्या मारल्या, मग ॲपल पाय, वर क्रीम. दुरून डोंगर साजरे म्हणतात, किल्ल्यांचंही तसंच आहे.
यानेके बाहेर आली आणि म्हणाली, तळघरात पेंढ्याचा कैदी बसवलाय, मिशी अगदी तुझ्यासारखी. मी हसलो. पेंढ्याचा असला तरी अंधारात त्याने मान वळवली तर, असलं काही माझ्या मनात आलं नाही. यानेकेच्या मनात येऊ शकतं, म्हणून नोंद.

१७ ऑगस्ट
तेर वीलचा किल्ला. आत गेलो! तिकिटाच्या टेबलापर्यंत.
वाटाड्या म्हणजे एक स्वयंसेवक आजोबा, फारच उत्साही. म्हणाले, चला मंडळी, आता कोठडीत उतरू, सगळे आत आले की मी दार लावून घेतो, म्हणजे खरी मजा कळेल. त्याच क्षणी मला सायकलच्या कुलपाची आठवण झाली. आपल्या देशात सायकलला कुलूप न लावणं म्हणजे ती दान करणं. जाऊन पाहिलं, कुलूप होतं. खात्री म्हणून मंडळी वर येईपर्यंत पाहत राहिलो.
यानेकेने विचारलं, कुलूप सायकलला होतं की तुझ्या पायांना? मी घंटी वाजवून पुढे निघालो. सरकारी रस्त्यावर भांडू नये.

२४ ऑगस्ट
फेन्ना आणि होणारा जावई च्यालिंग कॉफीला आले. एकेक बिस्किट देऊन झालं, यानेकेने डबा मिटला, आणि च्यालिंगने विचारलं की एवढे सुंदर बंगले सोडून हा ओलसर किल्ला का. फेन्ना म्हणाली, बाबांमुळे. लष्करी सेवेत असताना बाबा त्याच भुयारात एकटे पहारा द्यायचे, रात्र रात्र, उंदीर पायावरून जायचे तरी हलायचे नाहीत. लहानपणी रोज झोपताना हीच गोष्ट मागायचे मी.
च्यालिंगने माझ्याकडे आदराने पाहिलं. यानेकेने बिस्किटांच्या डब्याकडे पाहिलं.
स्पष्टीकरण (स्वतःपुरतं): लष्करी सेवा मी केली आहे. छावणीच्या स्वयंपाकघरात. बटाट्यांची कोठी चांगली अंधारी होती. दार उघडं ठेवायचो, तरी अंधारी. म्हणजे गोष्ट खरीच, जागा बदललेली.

६ सप्टेंबर
रीतवाइकला रंगीत तालीम. भुयाराच्या तोंडाशी उभा राहिलो. आतून गार, कुबट वारा आला, कुणीतरी उसासा सोडावा तसा. काळजात धस्स झालं. दुपारच्या हेरिंग माशाचा परिणाम.
फेन्नाने हात धरला. तिचा हात बर्फासारखा गार. चार पावलं गेलो, मागचा उजेड कमी झाला, आणि मला स्पष्ट जाणवलं की छत खाली येतंय. गाडी शिकवताना माझ्या पायाशी वेगळा ब्रेक असायचा. इथे पाय आपटला तर नुसता चिखल उडाला. मी म्हणालो, फेन्ना, गाडी चुकीच्या जागी लावलीय बहुतेक.
आपण सायकलने आलोय बाबा, ती म्हणाली.
परतताना दोनदा उतरून सायकल ढकलत न्यावी लागली. व्यायाम वाढवला पाहिजे.

८ सप्टेंबर, सकाळ
युक्ती सुचली!
शेजारच्या बर्तुसने छप्पर दुरुस्तीला काढलं, आत एक वटवाघूळ निघालं. झालं. कायदा आडवा आला, छप्पर वर्षभर तसंच. आपल्याकडे माणसाला उठवता येतं, वटवाघळाला नाही.
भुयारात एखादं वटवाघूळ असेल तर भुयार बंद. मग लग्न बाहेर हिरवळीवर, तंबूत, स्वच्छ उन्हात. फोटोही चांगले येतील. मी पाहुण्यांच्या गुडघ्यांचा विचार करतोय.
वटवाघळं मोजणाऱ्या मंडळाला फोन केला. म्हणालो, तालमीच्या वेळी पाहिलं, खूप आत, भिंतीला उलटं लटकलेलं. सुलटं कसं लटकेल, हे नंतर सुचलं.

१५ सप्टेंबर
अक्षर वाईट आलं तर दोष पेनाचा.
मंडळाच्या ओट्टोलीनबाई रीतवाइकला आल्या. ताडमाड उंच, डोक्यावर हेल्मेट, गुडघ्यापर्यंत बूट. वाटलं होतं, माझं ऐकून कागदावर लिहून घेतील आणि दाराला पट्टी चिकटवतील. त्या म्हणाल्या, चला, दाखवा. मी म्हणालो, सरळ जा, मग डावीकडे. त्या म्हणाल्या, अहो, पाहिलंत तुम्ही आणि शोधू मी? या पुढे.
गेलो. त्यांच्या जॅकेटची बाही धरली होती, त्या घसरू नयेत म्हणून. मध्यावर पोचलो आणि बाईंनी विजेरी विझवली. म्हणाल्या, उजेड त्यांना सोसत नाही.
मी ओरडलो असं त्यांचं म्हणणं आहे. मग मी बाहेरच्या दिशेने पळालो. ती दिशा आतली निघाली. थेट पलीकडच्या दालनाच्या दारावर आपटलो. म्हणजे मी अख्खं भुयार पार केलं, एकट्याने, विक्रमी वेगात. पण माझ्या आवाजाने भिंतीच्या फटीतून काहीतरी सुटलं आणि माझ्या केसांना पंख घासून गेलं. माझी बोबडी वळली. आणि अंधारातून बाईंचा आवाज आला, अगदी आनंदात न्हालेला: अहो एवर्ट, लांब कानांचं आहे! हलू नका!
हलायला अंगात जीव कुठे होता. बाहीला धरून त्यांनीच मला बाहेर आणलं.
म्हणजे ते खरंच होतं. मी खोटं बोललोच नाही.

१९ सप्टेंबर
भुयार एप्रिलपर्यंत, म्हणजे वटवाघळांची हिवाळी झोप संपेपर्यंत, बंद. जिंकलो.
फेन्नाला फोन केला, तंबू, हिरवळ, ऊन, सगळं रंगवून सांगितलं. ती रडायला लागली. ही शक्यता मी धरली नव्हती.
म्हणाली, तंबूत कुणीही लग्न करतं बाबा. मग म्हणाली, एक सांगू, च्यालिंगला सांगू नकोस. मला अंधाराची भयंकर भीती वाटते, लहानपणापासून. तुझी गोष्ट ऐकली की झोप यायची. तुझा हात धरून एकदा त्या भुयारातून चालले असते ना, तर ती भीती तिथेच सोडून पुढे गेले असते.
बटाट्यांबद्दल सांगावं असं अगदी ओठावर आलं होतं. त्याऐवजी म्हणालो, एप्रिलमध्ये हवा छान असते.
ती म्हणाली, मग एप्रिलमध्येच. भुयारातूनच. थांबेन मी.
सगळ्या पाहुण्यांच्या डायऱ्या जुळवून संध्याकाळपर्यंत नवी तारीख निघाली. सगळ्यांना मोकळी असलेली तारीख या देशात इतक्या लवकर कधी मिळत नाही.

२६ सप्टेंबर
ओट्टोलीनबाई केक घेऊन घरी आल्या. मंडळाचे आभार. रीतवाइकला लांब कानांचं वटवाघूळ आजवर कुणाला दिसलं नव्हतं, अशी नजर लाखात एकाची, वगैरे. हिवाळ्यात आसपासच्या सगळ्या किल्ल्यांची तळघरं, कोठड्या, भुयारं फिरून वटवाघळं मोजायची असतात. स्वयंसेवक कमी पडतात.
मी तोंड उघडायच्या आत यानेके म्हणाली, येईल की तो, घरी बसून तरी काय करतो.
फेन्नाने फोनवर टाळ्या वाजवल्या. म्हणाली, बाबा, तुझी एप्रिलची तयारीही होईल!
मला हेल्मेट मिळालं. पुढे चिकटपट्टीवर माझं नाव. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा, आणि वर केक.

६ डिसेंबर, संध्याकाळ
काल सिंटरक्लासचा, म्हणजे भेटी आणणाऱ्या संताचा सण; भेटी उघडल्या. मला फेन्नाकडून वटवाघळांना सोसेल अशा लाल उजेडाची विजेरी, आणि रिवाजाप्रमाणे चिडवणारी कविता. त्यात एक शूर पहारेकरी होता. यानेकेने मोठ्याने वाचून दाखवली, आणि मला वाटतं एके ठिकाणी 'पहारा'च्या जागी 'बटाटा' म्हणाली. कुणाच्या लक्षात आलं नाही.
उद्या पहिली मोजणी. एल्सब्रूकचं तळघर. तो मिशीवाला कैदी जिथे बसतो, तेच. थोडा खोकला आहे, पण बाई म्हणाल्या, तळघराची हवा खोकल्याला चांगली.
यानेके आज फेन्नाकडे राहायला गेली. सायकलवर बसताना म्हणाली, मी नाहीये, आज तरी पॅसेजचा दिवा विझवून झोप, उगाच जळतो.
मी म्हणालो, अर्थात.
वही मिटतोय. दिवा चालू आहे. यानेके अचानक परत आली तर अंधारात धडपडायला नको.
स्वयंपाकघरातलाही चालू ठेवलाय. ती कुठल्या दाराने येईल, सांगता येत नाही.