पिवळे ठिपके

११ सप्टेंबर, गुरुवार

रावजीचा सुरतेहून फोन आला. गावचा मित्र. म्हणाला, "ये की इकडं. साडीच्या कारखान्यात जागा हाय. दसरा झाला की ये." मी हो म्हणून टाकलं. मला हो म्हणायला वेळ लागत नाही.

पुण्यात टिकलो नाही, हैदराबादला टिकलो नाही. हितं सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलचे माग चालवतोय, तेच लई झालं. सुताच्या कांड्या भरणारी नागम्माक्का मला माझ्या गावाच्या नावानंच हाक मारते आणि रोज टोमणा देते — "काय रे देगलूर, अजून बादली घेतली नाहीस? दुसऱ्याच्या बादलीत आंघोळ करणारा माणूस पाहुणाच की!"

पाहुणा तर पाहुणा.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज एक मॅडम आल्या. इंजिनिअरिंग कॉलेजच्या. मालक मल्लप्पाशेठनं सगळ्यांना दम दिला, "नीट बोला, शिकलेली माणसं हायत." मॅडमनी सगळे माग बघितले आणि माझ्या सहा नंबरपाशी थांबल्या. सगळ्यात खिळखिळा माग. चालायला लागला की फरशीसकट नाचतो. मला लाज वाटली. त्या खूश! म्हणाल्या, "हाच हवा होता."

मागाला पिवळ्या रंगाचे ठिपके दिले. त्या ठिपक्यांवर मेणानं एक चकती चिकटवतात. चकतीची वायर लॅपटॉपला. पडद्यावर रेघा नाचतात.

नाव धम्मप्रिया. मॅडम म्हटलं तर म्हणाल्या, "ताई म्हणा."

१६ सप्टेंबर, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत विचारलं, "ताई, तुमी शिकवता का शिकता?"

हसल्या. दोन्ही म्हणे. पॉलिटेक्निकला शिकवत होत्या, आता रजा घेऊन पीएचडी करतात. पण पीएचडी लगेच सुरू होत नाही. आधी वर्गात बसायचं, वरच्या पातळीचे विषय शिकायचे, पेपर द्यायचे, काम करून दाखवायचं. त्याला कोर्सवर्क म्हणतात. त्यांचा विषय कंपनं. यंत्र जुनं होत जातं तसं ते कसं हादरतं आणि ते हादरे जमिनीतून माणसापर्यंत कसे येतात. नोव्हेंबरात सरांपुढं मांडायचं. रजा डिसेंबरपर्यंतच. यात नापास तर पुन्हा रजा नाही — पीएचडी तिथंच संपली.

शिकवणारी बाई परत बाकावर बसते! मी सातवीत बाकावरून उठलो तो उठलोच.

नागम्माक्का म्हणाली, "बघ, एवढी मोठी झाली तरी शाळेत जाते. नाहीतर तू!"

१९ सप्टेंबर, शुक्रवार

ताईंनी कानात घालायचे मऊ बोळे आणून दिले. सगळ्यांना. कसे चुरगळून घालायचे ते स्वतः दाखवलं. घातले आणि — काय सांगू! खडखड दूर गेली. माझं स्वतःचं गुणगुणणं मला ऐकू आलं. खोलीवर गेलो तरी डोक्यात माग चालत नव्हता.

असं कुणी कधी विचारलं नव्हतं, की तुमचे कान दुखतात का. ताईंनी एक दिवस मला हे पण विचारलं, हादरा पायाला जास्त लागतो का कंबरेला. मी म्हटलं, कंबरेला. त्यांनी लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं!

यांच्यासाठी काहीतरी करायला पाहिजे. काय करणार? माझ्याकडं काय हाय.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. ताई आजपण आल्या. माग धडधडतो, त्या रेघा बघतात, मी टॉवेल विणतो. बरं वाटतं.

३० सप्टेंबर, मंगळवार

उद्या खंडेनवमी. आज दुपारनंतर माग बंद, सगळे सफाईला. हितं पद्धतच हाय, वर्षभर राबलेल्या यंत्राला त्या दिवशी न्हाऊ-माखू घालायचं.

मला सुचलं! ताईंच्या मागाची सेवा करायची. दसऱ्यानंतर त्या येतील तेव्हा माग असा पाहिजे की बघत राहतील. पायाचे बोल्ट सगळे आवळले. झिजलेलं रबर काढून नवीन घातलं, मालकाच्या मागं लागून मिळवलं. ग्रीस भरलं. साठलेलं सुताचं फूस काढलं. डिझेलच्या फडक्यानं अंग पुसून काढलं, चकाचक. पिवळे ठिपके निघता निघेनात, मग पात्यानं खरवडले.

शेजारचा सात नंबरपण माझाच, पण त्याला काहीच केलं नाही, हात दुखायला लागले होते. नागम्माक्का ओरडली, "थोरलीला शालू आणि धाकटीला फडकंपण नाही?"

१ ऑक्टोबर, बुधवार

पूजा झाली. हळदकुंकू, झेंडूचे हार, कोहळा फोडला. सहा नंबर नवरीसारखा. सातला नुसता हार. उद्या दसरा, ताईंच्याकडं धम्मचक्र दिन. कारखाना शनिवारी उघडणार, त्यापण तेव्हाच येणार. कधी एकदा बघतात असं झालंय.

४ ऑक्टोबर, शनिवार

बघितलं.

ताई मागापुढं उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "ताई, सुरू करून बघा, आता हालतच नाही!" सुरू केला. खरंच हालत नव्हता. ताईंनी चकती हातातच धरली. लावणार कुठं? ठिपके नव्हते.

मग हळूच म्हणाल्या, "महेश्वर, मला तो जुनाच पाहिजे होता. हादरणाराच. तो दिवसेंदिवस कसा बिघडत जातो, तेच मोजत होते."

पायाखालची फरशी गेली असं वाटलं. आता हादरत नव्हती तरी.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बाहेर गेल्या, पाण्याच्या टाकीपाशी बसल्या. नागम्माक्का चहा घेऊन गेली. आत येऊन मला म्हणाली, "रडली नाही. पण चहा प्यायली नाही."

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी लवकर गेलो, पाना घेऊन. बोल्ट सैल करतो, जुनं रबर परत घालतो, होता तसा करून देतो! दोन बोल्ट सैल केले आणि ताई आल्या.

"काय करतोस?"

"होता तसा करतो."

"राहू दे. तू मुद्दाम सैल केलेला माग आपोआप सैल झालेल्या मागासारखा नसतो. मी त्याचे आकडे लिहिले तर खोटं लिहिल्यासारखं होईल."

म्हटलं, कुणाला कळणार हाय?

"मला."

आज पहिल्यांदा मला अरे-तुरे केलं. रागानं नाही. बहीण बोलते तसं.

६ ऑक्टोबर, सोमवार

ताईंनी मालकाला विचारून सगळ्यांना गोळा केलं. खाली फरशीवर बसवलं आणि आधी स्वतःच म्हणाल्या, "चूक माझी. मी ठिपके दिले, वायरी लावल्या, पण कशासाठी ते तुम्हाला सांगितलंच नाही."

मग सांगितलं. पाण्यानं भरलेली परात फरशीवर ठेवली आणि लांबचा माग सुरू करायला लावला. पाण्यावर बारीक वळ्या उठल्या. म्हणाल्या, "असंच तुमच्या हाडात जातं." नागम्माक्कानं स्वतःचा गुडघा दाबला.

काम नव्यानं करायचं. पण कुठल्या मागावर? सगळ्यांनी माग साफ केलेले. आणि मग मालकच म्हणाला, "ह्या देगलूरनं सात नंबरला हात लावला न्हाय की!" सगळे हसले. ताईपण हसल्या. आळस कधी असा कामाला आला नव्हता!

ताईंनी एक अट घातली. मागाला नेहमीचं तेल सोडून कुणी काही करायचं नाही. आणि शेवटपर्यंत माणूस तोच पाहिजे. माग सुरू करायची, थांबवायची प्रत्येकाची रीत वेगळी, माणूस बदलला की आकडे बदलतात. माझ्याकडं बघितलं.

नागम्माक्का पुटपुटली, "तो माणूस तर दसऱ्याला चालला होता सुरतेला."

९ ऑक्टोबर, गुरुवार

रावजी फोनवर तापला. "जागा कुणासाठी थांबत न्हाय!" म्हटलं, नोव्हेंबरात येतो. म्हणाला, बघू.

१८ ऑक्टोबर, शनिवार

पाय शिवशिवतात. बस स्टँडवर जाऊन उगाच बोर्ड वाचून आलो. हैदराबाद, विजापूर, लातूर. कुठल्याही गाडीत बसलो असतो. परत आलो.

सात नंबर वाईट वाजतोय. ताई खूश.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. कारखाना बंद. आई फोनवर म्हणाली, "दिवाळीला तरी ये." गेलो नाही. गेलो तर परत येणार नाही, माझं मला माहीत हाय. आईला हे कसं सांगणार? म्हटलं, माझ्यावर एकीची परीक्षा अडलीय. आई म्हणाली, "तुझ्यावर? परीक्षा?" आणि हसत सुटली. मग मात्र म्हणाली, "असं असेल तर थांब बाळा."

नागम्माक्कानं घरी जेवायला बोलावलं. करंज्या, डाळ, भात. तिच्या लेकाशी तेलुगूत बोललो, देगलूरला शिकलेलं कामाला आलं. निघताना डबा भरून दिला. सोलापुरात माझं कोण हाय म्हणायचो. असं म्हणायला नको आता.

८ नोव्हेंबर, शनिवार

मोजणी संपली! ताईंनी चकती काढली. मेण मी पुसलं — विचारून.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळपासून धोटा हातातून निसटतोय. अकरा वाजता ताई सरांपुढं उभ्या राहणार होत्या. नागम्माक्का दर वेळी, "आला का फोन?" मालकपण दोनदा चक्कर मारून गेला, काम बघायला आल्यासारखा.

दुपारी फोन. "पास!"

माग बंद करून सगळ्यांना ओरडून सांगितलं, बोळे काढा, ऐका!

सरांनी विचारलं होतं म्हणे, पहिल्या मागाचे आकडे मध्येच का तुटले? ताईंनी सांगितलं, "मागाची पूजा झाली. मी तिथल्या लोकांना आधी विचारायला हवं होतं." माझं नाव घेतलं नाही. सर म्हणाले, "मग पुढच्या कामाची सुरुवात तिथूनच करा. आधी विचारा."

बरोबरच हाय की. पण मला सारखं वाटतंय, माझ्या हातून एवढं बिघडलं आणि बदल्यात मला काय काय मिळालं.

उद्या सुरतेची गाडी बघायची.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ताई पेढे घेऊन आल्या. सगळे खात असताना मला म्हणाल्या, "कोर्सवर्क म्हणजे नुसती पायरी रे. खरी पीएचडी आता सुरू. सात नंबरवरच करणार. रजा वाढवून मिळेल. तीन वर्षं तरी लागतील."

मी पेढा गिळला.

"माणूस तोच मिळाला तर बरं होईल. पण तुझ्यावर जबरदस्ती नाही हं. तू सुरतेला जाणार होतास ना?"

तीन वर्षं! मी कुठंच एक दिवाळी सोडून दुसरी बघितली नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

बादली घेतली. निळी, झाकणाची. नागम्माक्कानं उलटी करून ठोकून बघितली, म्हणाली, "चालंल, टिकंल."