घागर भरेपर्यंत

चि. सौ. लूर्दमेरीस, तुझ्या अत्तेचा, म्हणजे सासूचा, आशीर्वाद.

हे पत्र मी टपालात घालणार नाही. गंगाबाईने सुनेपुढे हार मानली, हे मंडी मोहल्ल्यात कोणाला कळायला नको.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा नळाखाली घागर लावून डोळे मिटून उभी राहायचीस. मी ओरडायचे, "अय्यो, उभ्या उभ्या झोपतेस काय गं? पाणी वाहून चाललं!" तू नळ बंद करून हसायचीस. उलट कधी बोलली नाहीस.

मग एका रविवारी तुझ्या चर्चच्या युवक मंडळातली कॉलेजची मुलं घरी आली. प्रार्थनेला वेळच मिळत नाही म्हणत होती. तू म्हणालीस, "घागर भरेपर्यंत मिळतो की. तेवढंच देवाशी बोला, पण रोज." मी आत कांदा चिरत होते, तशीच थांबले. माझ्या पूजेत तासभर घंटा वाजते, नि मन दूधवाल्याशी भांडत असतं.

दुसऱ्या दिवसापासून घागर भरली की नळ मीच हळूच बंद करायचे. डोळे उघडल्यावर तुला वाटायचं, पाणी गेलं. मी सांगितलं नाही. तोंडाने मात्र टोमणेच मारत राहिले, नि तुम्ही नवराबायकोने दूर हिनकलला वेगळं घर केलंत.

आज सकाळी मी घागर लावली नि डोळे मिटले. देवाला काय सांगायचं सुचेना, म्हणून तुझं नाव घेतलं. पाय भिजले तेव्हा कळलं, घागर कधीच भरली होती.

नळ बंद करायला मागे कोणी नव्हतं.

तुझी अत्ते,
गंगाबाई