पंधरा तारखेचा खोटा सात

दोन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही. परवा पोटातली गाठ काढायची आहे, आणि माझ्यामागे पोरीला कोण घेईल हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणून लिहायला बसले.

मी, खाली सही करणारी, वय सत्तावीस, लॉन्ड्रीत इस्त्री करते. डोकं ठिकाणावर आहे. कुणी दमदाटी करून लिहून घेत नाही. शाळा चौथीपर्यंत, चुकलं तर सांभाळून घ्या.

१. खोली भाड्याची, तिचं काय द्यायचं. पोस्टातलं पुस्तक मुलीच्या नावावर आहे, ते तिचंच.

२. माझी जड इस्त्री लॉन्ड्रीतल्या ताईंना. मूठ सैल आहे, फडकं गुंडाळून धरायची. त्यांना माहीत आहे, तरी लिहिते.

३. नणंदेला काही नाही. बाळंतपणात तिने मला आयतं गिळणारी म्हटलं होतं. मी विसरले असं सगळ्यांना सांगते. विसरले नाही.

४. माझी मुलगी, वय चार, हिला आम्ही बटण म्हणतो, कारण रांगायला लागल्यापासून लॉन्ड्रीतली बटणं तोंडात घालायची. तिला तिच्या बापाकडे देऊ नये. तीन वर्षांत त्याने तोंड दाखवलेलं नाही. तिला माझ्या भावाकडे द्यावं.

५. आकड्यांची वही भावाला द्यावी. ही वही ताईंनी लावून दिली. रोज तारखेचे आकडे मिळवायचे, जो येईल त्याचा प्रश्न स्वतःला विचारायचा आणि खरं लिहायचं. चार आला तर, काय अर्धवट टाकलंस? सहा आला तर, घरच्यांना काय हवंय? सात आला तर गप्प राहायचं, फोनसुद्धा घ्यायचा नाही. मला याचा फार उपयोग झाला. पोरीवर हात उचलायची, ते या वहीमुळे सुटलं.

पण गेल्या डिसेंबरातल्या पंधरा तारखेचं पान खोटं आहे. त्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला. आई आजारी होती, तो मला बोलावणार हे मला माहीत होतं. मला जायचं नव्हतं. आईचं करून करून त्याची पाठ मोडली होती, आता माझी पाळी आली असती. एक आणि पाच सहा होतात, एवढं मलाही येतं. मी सात लिहिला आणि फोन पालथा ठेवला. तो तीनदा वाजला. आई दुपारी गेली.

मी पोचले तेव्हा दारात भाऊ म्हणाला, "ती तुझंच नाव घेत होती गं."

मी म्हटलं, "दादा, माझा सात होता आज."

त्याने मान हलवली. आत आत्या मला नावं ठेवत होत्या, तर त्यांना म्हणाला, "तिचा नेम असतो तो. तिला बोलायचं नाही." त्याने माझी बाजू घेतली, आणि मी तिथे उभी राहून ऐकून घेतलं.

त्याला अकरा महिने झाले. तो फोन करतो, मी उचलत नाही. गाठीचंही त्याला माहीत नाही. ते पान त्याने वाचावं, आणि मग बटणला घ्यायचं की नाही ते ठरवावं. नाही म्हणाला तर त्याला कुणी बोल लावू नये.

साक्षीदार: लॉन्ड्रीतल्या ताई. खालचे सायकल दुरुस्तीवाले काका. दोघांनी सही केली तेव्हा पाचवं कलम मी हाताने झाकलं होतं.

सही: बटणची आई
ठिकाण: राहती खोली
तारीख: २३ नोव्हेंबर

नंबर कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. ज्याच्या हातात हा कागद पडेल त्याने माझ्या भावाला फोन करा. मी धडधाकट घरी आले असले, तरी करा.