ड्रमचा ताप

२१ एप्रिल, सोमवार

कॉलेजात वाफेच्या दाबाचं सूत्र घोकलं होतं, आज पटलं! त्या द्रवाचे तीन ठरलेले आकडे, चौथं तापमान, कॅल्क्युलेटरवर थोडी खटपट — आणि बंद ड्रममध्ये वाफ किती रेटतेय ते समोर हजर. न उघडता, न बघता! आमच्या कारखान्यातलं एमडीसी सॉल्व्हंट, म्हणजे मेथिलीन डायक्लोराइड, तर चाळीस अंशालाच उकळतं. तीस अंशाला वाफेचा दाब ५३० मिलिमीटर पारा, चाळीसला ७६७. बाहेरच्या हवेचा ७६०. म्हणजे चाळीसच्या पुढे बूच सैल केलं की फवारा थेट तोंडावर.

२२ एप्रिल

आज आण्णांचे डोळे गेले असते. माझ्यामुळे.

मोबाइलवर बदलापूर ३८ दाखवत होतं. गणित मांडलं, ७१४ आलं, ऐटीत चिठ्ठीवर सही ठोकली — ड्रम उघडायला हरकत नाही. स्टोअरचे आण्णा, चामटोली गावचे, सव्वीस वर्षं ड्रम उघडतायत. त्यांनी ड्रमच्या पत्र्यावर पंजा ठेवला आणि पाना खाली ठेवला. "पोरी, हवेचा ताप कशाला बघते? ड्रमचा बघ. शेहेचाळीस हाय."

थर्मामीटर लावला. ४६! म्हणजे ९४५. सूत्र बरोबर, मी मठ्ठ.

२३ एप्रिल

पाच ड्रम. आण्णा पंजा ठेवून बोलले, मी मोजलं. चार अगदी बरोबर, एकात एका अंशाचा फरक. माणूस आहे की थर्मामीटर!

२५ एप्रिल, शुक्रवार

एमआयडीसीला सुट्टी. गॅसवर भाताचं झाकण थडथडत होतं. तिथेही तेच सूत्र, आकडे तेवढे पाण्याचे! आईला समजावत बसले. "अगं, जेव की आधी!" चोवीस वर्षं मी नुसता भात खात आले.

२८ एप्रिल, सोमवार

चहा आण्णांच्या हातावर सांडला. वाफाळता. हात हललासुद्धा नाही.

"शुगर हाय. तीन वर्षं हाताला काय कळत नाय. कंच्या रांगेला कवा ऊन लागतं, ते पाठ हाय फक्त. कोणाला बोलू नको राजसी, सहा महिन्यांनी रिटायर होतोय."

तीन वर्षं, नुसत्या पाठांतरावर! आणि उद्या ड्रम नव्या शेडमध्ये हलतायत. तिथलं ऊन त्यांना ठाऊक नाही.

साहेबांना मेल केला — उद्यापासून प्रत्येक ड्रमला आधी थर्मामीटर, मग बूच. मोजणार मी. कारण म्हणून माझी मंगळवारची चूक लिहिली. आण्णांचं नाव लिहिलं नाही.