क्रमांक एक्केचाळीसचा हिरवा दिवा

प्रति,
मा. विभागीय अधीक्षक,
दूरसंदेश व देखरेख विभाग,
मुख्य कार्यालय.

विषय : डोंगरकेंद्र क्र. ४१ पडद्यावर चालू दिसत असले तरी बंद आहे. तेथील केंद्ररक्षकाच्या शोधासाठी आजच पथक पाठविण्याबाबत.

संदर्भ : १) माझे अर्ज, दि. ४, ७, १२ व २१ मार्च (उत्तर नाही).
२) मला बजावलेली कारणे दाखवा नोटीस, दि. ११ मार्च.

महोदय,

१. दिनांक ४ मार्च, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे. डोंगरकेंद्राचे केंद्ररक्षक फोनवर बोलत असताना लाईन तुटली. त्यांचे शेवटचे बोलणे मी त्याच मिनिटाला नोंदवहीत उतरवले आहे : "ताई, कालपासून वारा थांबलेला नाही. टॉवरची एक तार सुटलीय, जरा बघून येतो." आज ३० मार्च. या सव्वीस दिवसांत त्यांच्याकडून एक शब्दही आलेला नाही. याच सव्वीस दिवसांत नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर त्यांच्या केंद्राचा दिवा एकदाही आपणहून लाल झालेला नाही.

२. तो लाल का होत नाही हे मला ठाऊक आहे, कारण ती चूक माझ्या हातून झाली आहे. ११ जानेवारी रोजी आपल्याकडे देखरेखीचे सॉफ्टवेअर बसविण्यात आले. त्याची पद्धत साधी आहे. प्रत्येक केंद्रातील उपकरणाला स्वतःचा एक पत्ता असतो. सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी त्या पत्त्यावर विचारणा करते. उत्तर आले की दिवा हिरवा. लागोपाठ तीनदा आले नाही की लाल. त्या दिवशी दुपारी चार वाजता मा. संचालक उद्घाटनाला येणार होते. सव्वातीनपर्यंत चाळीस दिवे हिरवे झाले. एक्केचाळिसावा होईना, कारण डोंगरावरून उत्तर यायला वेळ लागतो आणि सॉफ्टवेअर तेवढा धीर धरत नाही. बसवायला आलेला तंत्रज्ञ म्हणाला, "ताई, तुमच्या टेबलाखाली ते चाचणीचं यंत्र आहे ना, त्याचा पत्ता टाका आत्तापुरता. साहेब गेले की बदलून देतो." मी टाकला. साहेब पावणेपाचला गेले आणि तंत्रज्ञ त्यांच्या मागोमाग गेला. बदल करण्याचा पासवर्ड त्याच्याकडेच राहिला. त्याच्या कंपनीचे कंत्राट ३१ जानेवारीला संपले.

म्हणजे ११ जानेवारीपासून एक्केचाळीस क्रमांकाचा दिवा डोंगराची नव्हे, तर माझ्या पायाशी ठेवलेल्या यंत्राची खुशाली सांगतो आहे. हे मी १६ जानेवारीला लेखी कळविले होते. त्यावर शेरा आला : "सर्व दिवे हिरवे असताना बदल करू नये." केंद्ररक्षक रोज सकाळी फोन करीत असल्यामुळे मीही पुढे विषय ताणला नाही. ही माझी दुसरी चूक.

३. सॉफ्टवेअर आल्यानंतर २० जानेवारीच्या परिपत्रकाने तीन गोष्टी बंद झाल्या. पथकाची पंधरवड्याची भेट बंद झाली. केंद्रावरचा दुसरा माणूस खाली बोलावण्यात आला. सकाळचा खुशालीचा फोन अनावश्यक ठरविण्यात आला. तिसरी गोष्ट केंद्ररक्षकांनी पाळली नाही. परिपत्रक वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "तुमचं मशीन विचारतं सगळं, पण दोन शब्द बोलतं का? मी आपला करत जाईन फोन, तुम्ही लिहू नका कुठे." मी लिहीत गेले, म्हणून आज ४ मार्चची वेळ मला सांगता येते.

शिध्याची शेवटची गाडी १३ फेब्रुवारीला वर गेली. एका माणसाला पंचेचाळीस दिवस पुरेल एवढा शिधा तिने नेला. ते पंचेचाळीस दिवस आज पुरे होत आहेत. पुढची गाडी का निघाली नाही, असे मी वाहन शाखेला विचारले. उत्तर मिळाले की केंद्राकडून मागणी आलेली नाही. मागणी नोंदवायची ती केंद्रातल्या उपकरणावरून, आणि ते उपकरण बंद आहे.

४. बिघाडाची तक्रार मी पाच वेळा करून पाहिली. नव्या पद्धतीत तक्रार क्रमांक माणसाला देता येत नाही. दिवा लाल झाला की सॉफ्टवेअर तो आपोआप देते. तक्रार क्रमांकाशिवाय गाडी नाही, गाडीशिवाय पथक नाही. मदतकक्षातील कर्मचारी माझ्याशी नीट बोलले. ते म्हणाले, "मॅडम, मला इथे हिरवा दिसतोय. हिरव्याची तक्रार मी कुठल्या रकान्यात घेऊ?"

म्हणून ९ मार्च रोजी सकाळी अकरा वाजता मी टेबलाखालच्या यंत्राची विजेची पिन काढली. पंधरा मिनिटांनी एक्केचाळीसचा दिवा लाल झाला. मात्र त्याच यंत्रावर नियंत्रण कक्षाची स्वतःची नोंदही असल्यामुळे एक क्रमांकाचा दिवाही त्याच क्षणी लाल झाला. दोन दिवे एकदम गेले की सॉफ्टवेअर जवळचा बिघाड मूळ मानते आणि लांबचा त्याचा परिणाम धरते. तक्रार एकच निघाली, ती नियंत्रण कक्षाच्या नावे, आणि दुरुस्तीसाठी नेमणूक झाली त्या पाळीच्या निरीक्षकाची, म्हणजे माझी. मी वीस मिनिटे काहीच केले नाही, तेव्हा वरच्या मजल्यावरून तारतंत्री (वायरमन) आले, वाकले आणि पिन लावून गेले. जाताना म्हणाले, "एवढ्यासाठी मला बोलावलंत?" दोन्ही दिवे हिरवे झाले. शेरा : "काम पूर्ण. डोंगरकेंद्र पूर्ववत." यंत्र हेतुपुरस्सर बंद केल्याबद्दल ११ मार्चला मला नोटीस मिळाली. तिचे उत्तर मी दिले आहे. त्यात लिहिलेले सर्व खरे आहे आणि पिन मीच काढली होती.

५. केंद्ररक्षकांच्या पत्नी शिवणकाम करतात. कार्यालयात त्यांना सगळे काकू म्हणतात. ५ मार्चपासून त्या रोज सकाळी दहा वाजता दुकान उघडण्याआधी कक्षात येत, माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून एक्केचाळीसचा दिवा बघत आणि जात. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "घरी तीन हाका मारल्या तरी ओ देत नाहीत हे. इथे बरं दर पाच मिनिटांनी उत्तर देतात." मी हसले. पुढचे नऊ दिवस मी त्यांना काही सांगितले नाही. पथक आज निघेल, उद्या निघेल, असे मला वाटत होते.

१४ मार्चला सांगितले. त्यांनी टेबलाखाली वाकून ते यंत्र पाहिले. त्यावरही एक छोटा हिरवा दिवा आहे. त्या म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस मी याला भेटायला येत होते होय?" नंतर त्यांनी विचारले, हे आणखी कोणाला माहीत आहे? मी म्हटले, चार अर्ज. प्रत्यक्षात त्या दिवशी तीनच झाले होते. चौथा मी नंतर केला.

१६ मार्चला काकू पोलीस ठाण्यात गेल्या. ठाण्याने आपल्या कार्यालयाकडे विचारणा केली. आस्थापना शाखेने दोन तासांत केंद्ररक्षकांचा हजेरीपट पाठविला. जानेवारीपासून डोंगरकेंद्राची हजेरी दिव्यावरून लागते. पटावर ते १ ते १६ मार्च रोज हजर आहेत, रजा शून्य, उशीर शून्य. ठाण्यातील हवालदार काकूंना म्हणाले, "बाई, माणूस कामावर हजर आहे. हरवलेला कसा लिहू?" काकू म्हणाल्या, "मग घरी पाठवा की."

२२ मार्चला त्यांच्या घरी कार्यालयाचे पत्र गेले. देखरेखीच्या तिमाही अहवालात (९ मार्चचा बिघाड नियंत्रण कक्षाच्या नावे असल्याने) एक्केचाळीस केंद्रांपैकी डोंगरकेंद्राची सेवा शंभर टक्के अखंड ठरली असून, प्रशस्तिपत्र स्वीकारण्यासाठी केंद्ररक्षकांनी ५ एप्रिल रोजी गणवेशात उपस्थित राहावे, असे त्यात आहे. काकू ते पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. "नवा शिवून ठेवते," म्हणाल्या, "तुमच्या साहेबांना एवढं विचारा, कंबर जुनीच धरू की कमी करू?" हा प्रश्न मी जसाच्या तसा आपल्यापर्यंत पोचवीत आहे, कारण तो पोचवण्याचे मी कबूल केले होते.

६. १८ मार्च हा माझा सुट्टीचा दिवस होता. डोंगरकेंद्राचा मनोरा बावीस वर्षांपूर्वी ज्यांनी उभा केला ते निवृत्त लाईनमन आणि मी, असे दोघे भाड्याच्या गाडीने पायथ्याला गेलो. फाटकावरच्या चौकीदारांनी परवाना मागितला. तो तक्रार क्रमांकाशिवाय मिळत नाही. लाईनमन त्यांना म्हणाले, "अरे, या फाटकाचा खांबसुद्धा मी पुरलाय." त्यांनी आम्हाला दुसऱ्या वळणापर्यंत जाऊ दिले. तेथून पुढे साधारण साठ पावले रस्ता दगडांखाली आहे. चौकीदारांनी दरड कोसळल्याचे ५ मार्चलाच कळविले होते. त्यांच्याकडे उत्तराची प्रत आहे : "केंद्र सुरळीत चालू असल्याने रस्ता मोकळा करणे तातडीचे नाही."

दुसऱ्या वळणावरून दुर्बिणीने जे दिसले ते असे : मनोऱ्याचा वरचा तिसरा हिस्सा नाही. डिश जागेवर नाही. खोलीचे छप्पर शाबूत आहे. सुमारे पन्नास मिनिटे पाहूनही हालचाल दिसली नाही. लाईनमननी दुर्बीण माझ्या हातात दिली आणि "तू बघ, माझे डोळे आता भरवशाचे नाहीत," असे म्हणाले. मला तेच दिसले. हे सर्व मी २१ मार्चच्या अर्जात लिहिले आहे.

त्या अर्जाबाबत आवक शाखेत चौकशी केली असता कळले की, केंद्र बंद असल्याचा दावा विहित नमुन्यात असावा लागतो. त्या नमुन्यावर केंद्रप्रमुखाची सही लागते. डोंगरकेंद्रावर एकच कर्मचारी असल्याने केंद्रप्रमुख तेच आहेत.

७. काल, २९ मार्चला, लाईनमन एकटे निघाले. मागच्या धारेने जुनी पायवाट आहे, ती फाटकातून जात नाही. त्यांचे वय चौसष्ट आहे. मी त्यांना आजच्या अर्जापर्यंत थांबायला सांगितले. ते म्हणाले, "तुझा अर्ज चढेल तेव्हा चढेल, मी चढायला लागतो." कक्षातील एक हातातला वायरलेस संच मी त्यांना दिला आहे, तो साठ्याच्या नोंदवहीत माझ्या नावे आहे. काल संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी ते बोलले : "गुडघे बोंबलतायत, बाकी ठीक. अर्धी वाट झाली. उद्या दुपारी वर."

८. तरी विनंती की, डॉक्टर, दोर आणि दरड हटविणारी माणसे यांच्यासह पथक तक्रार क्रमांकाची वाट न पाहता आज रवाना करावे. केंद्ररक्षकांची ४ मार्चपासूनची हजेरी रद्द करावी, म्हणजे पोलिसांना त्यांचा शोध घेता येईल. पत्ता मी टाकला, त्याची चौकशी स्वतंत्रपणे व्हावी. तीत मी काही नाकारणार नाही. मात्र ती आधी आणि पथक नंतर, असा क्रम कृपया लावू नये.

हा पाचवा अर्ज मी टपालाने न पाठवता स्वतः घेऊन येत आहे आणि आपली भेट होईपर्यंत दालनाबाहेर थांबेन.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,
(सही)
पाळी-निरीक्षक, नियंत्रण कक्ष
दि. ३० मार्च, सकाळी ११.३०

सोबत : १) नोंदवहीतील ४ मार्चच्या पानाची प्रत. २) १६ जानेवारीचे पत्र, शेऱ्यासह. ३) हजेरीपट, १ ते १६ मार्च. ४) चौकीदारांना आलेल्या उत्तराची प्रत. ५) प्रशस्तिपत्राबाबतचे पत्र (मूळ पत्र काकूंना परत हवे आहे).

ता. क. : आपण बैठकीत असल्याने अर्ज अद्याप माझ्याच हाती आहे, म्हणून पुढील मजकूर हाताने जोडीत आहे.

दुपारी बारा वाजून पंचवीस मिनिटांनी नव्या कंत्राटदाराच्या माणसांनी पडद्यावरून एक्केचाळीस क्रमांकाची ओळ काढून टाकली. माझ्या २१ मार्चच्या अर्जावर ही कार्यवाही झाल्याचे ते सांगतात. पत्ता दुरुस्त का केला नाही, असे विचारले असता ते म्हणाले की, नवा पत्ता नोंदवताना केंद्राकडून एकदा तरी उत्तर यावे लागते आणि ते येत नाही. आता पडद्यावर चाळीस दिवे आहेत, सगळे हिरवे. वाहन शाखेच्या मते यादीत नसलेल्या केंद्राला गाडी काढता येत नाही. काकू कक्षात आल्या होत्या. त्यांनी दिवे दोनदा मोजले.

दुपारी दोन वाजून बावन्न मिनिटांनी लाईनमन वायरलेसवर बोलले : "वर पोचलो. खोलीचं दार आतून लावलेलं आहे. ठोठावतोय." त्यानंतर दोनदा संचाचे बटण दाबल्याची खरखर आली, शब्द आले नाहीत. आत्ता तीन वाजून दहा मिनिटे झाली आहेत.