नव्या गाईचं उष्टं

बाबा, आज चामोर्शीच्या बाजारातून नवी गाय आणली आणि आपल्या गोठ्यात बांधली नाही. रस्त्याकडच्या छपरीत वेगळी ठेवली आहे. तिची बादली वेगळी, चारा वेगळा, आणि तिच्याकडे जायचं ते बाकीच्या सगळ्यांच्या धारा काढून झाल्यावर. शेजारची बाई नव्या गाईला कुंकू लावायला आली नि कौतुकानं म्हणाली, "बराबर केलं वं. तुया बाबाले डॉक्टरसायबानं शिकवलं होतं, तसंच तू करून राह्यली." कुंकवाचा करंडा घेऊन ती गेली आणि माझं डोकं जे सणकलं ते अजून शांत नाही.

त्या वर्षी तुम्ही जर्सी आणली होती. मी दुग्धव्यवसायाचं प्रशिक्षण घेऊन नुकतीच घरी आले होते. अंगणातच तुमची वाट अडवली. "थोडे दिवस बाहेर बांधा बाबा. बाजारातलं ढोर हाय, रोग दिसत नाई पण संगं येते." तुम्ही हसलात. "लक्ष्मी दारात आली न तिले वाळीत टाकू? गाई तू पोसल्या का मी?" मग तुम्ही तिचे पाय धुतले, तिच्यापुढे सरकीची ढेप ठेवली, आणि तिनं उष्टी केलेली ती ढेप एकेका जुन्या गाईला आपल्या हातानं चारली. असं केलं की जुन्या गाई नवीला शिंगं लावत नाहीत, हा तुमचा पक्का समज. मी दाराशी उभी राहून बघते आहे आणि तुम्ही गाईंना रोग भरवता आहात.

काही दिवसांतच गोठाभर लाळ गळायला लागली. खुरांना जखमा झाल्या, दूध आटलं. थोरल्या गाईचं वासरू पिता पिता खाली बसलं ते उठलंच नाही.

गुरांचे डॉक्टर आले तेव्हा मी पोटॅशच्या पाण्यानं खुरं धूत होते. ते म्हणाले, नवं जनावर आधी वेगळं बांधायचं असतं. तुम्ही हात जोडलेत. "बराबर हाय साहेब. पण आमाले कोणी सांगतलंच नाई." मी हातभर अंतरावर होते, बाबा. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढे आलेली प्रत्येक गाय तुम्ही वेगळी बांधलीत आणि साहेबांनी शिकवलं म्हणून गावभर सांगत फिरलात.

हे लिहून झालं की चुलीत घालणार आहे. तुम्ही आज हयात असतात तरी दिलं नसतं. तुम्ही ते डॉक्टरांकडून वाचून घेतलं असतं आणि त्यांच्या तोंडून ऐकून मान डोलावली असती. खरं सांगते, मला तेवढंही चाललं असतं.