नवं साडीगार्ड

रविवार, दिवेलागण. औरंगाबाद.

आज पुरुष हक्क समितीच्या खोलीवर माझी पाळी होती. पिशोरकडचा एक जण आला, वाळूजच्या कंपनीतला. बायको दिवाळीला वैजापूरला माहेरी गेली ती परत आलीच नाही. पण हे सगळं सांगितलं कुणी? सोबतच्या मामानं! हा गडी नुसता मान हलवत होता. समोरच्या भिंतीवर नामांतराची घोषणा हातभर अक्षरांत, आणि आमच्याकडं हक्क मागायला आलेल्याचं तोंडच उघडेना. चीडच आली मला.

"नोटीस द्या तिला," मामा म्हणाला. "आणायला याचा भाऊ जाऊन आला, मी जाऊन आलो. आता लई झालं."

पाणी प्यायला बाहेर आलो तर दारात त्यांची मोटारसायकल. जुनी, रंग उडालेली, आणि मागच्या चाकाला कोरं करकरीत साडीगार्ड. बायको दिवाळीपासून नाही, मग हे कशाला बसवलं? धोतरातल्या मामासाठी तर नक्कीच नाही.

तो गडी मागोमाग आला. मी साडीगार्डकडं बघतोय हे दिसल्यावर लाजलाच. मग हळूच म्हणाला, "साहेब, आमच्यात नवरा सोता आणायला जात नाय. लोक हसतेत. पण गेलं तर चालतंय का?"

इतके रविवार इथं बसतोय, हा हक्क कुणीच मागितला नव्हता. "जा की," म्हणालो.

तो आत वळला. "मामा, चला. तुमाला पिशोरच्या यष्टीत बसवून देतो. मागची सीट लागंल मला."